एक दिवसाआड

ब्रह्माघाट, काशी
२५ नोव्हेंबर २०२४

कस्तुरी,

हे पत्र माफीचं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू ओळींमध्ये ती शोधत बसणार नाहीस. काम आहे म्हणून लिहितो आहे.

वासुदेव आठवत असेल. रेल्वेतला, गल्लीच्या तोंडाशी राहणारा, तुला लहानपणी खांद्यावर बसवून घाटावर नेणारा. त्याला रक्ताचा कर्करोग झाला आहे. दोन वर्षं होत आली. हळूहळू वाढणारा प्रकार आहे, डॉक्टर त्याला सीएमएल म्हणतात. रोज एक गोळी घ्यायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासणीला द्यायचं. रोगट पेशींचं प्रमाण किती उरलं याचा एक आकडा येतो. तो आकडा गोळीने झपाट्याने उतरला होता. आता पुन्हा चढला आहे.

इथल्या डॉक्टर हिमानी तुझ्याच वयाच्या आहेत. रुग्णाच्या डोळ्यांत बघून बोलतात, हे मला आवडलं. त्यांचं म्हणणं, रोग या औषधाला दाद देईनासा झालेला दिसतो. औषध बदलावं लागेल. नवं औषध जोरकस आहे, पण ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्रास देऊ शकतं, आणि वासुदेवच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसवलेले आहेत. रक्त सांभाळावं तर हृदय जातं, हृदय सांभाळावं तर रक्त. जानेवारीच्या अखेरीस निर्णय आहे.

तू बंगळूरला याच रोगाची गणितं करतेस असं ऐकलं आहे. ऐकलं आहे असं म्हणतो, कारण वाचलेलं नाही. रोग कसा वाढेल, औषधाने किती उतरेल, हे तू आकड्यांवरून सांगतेस म्हणे. मग सांग. औषध खरंच निकामी झालं आहे का?

तपासण्यांचे सगळे कागद सोबत आहेत. नाव आणि वय मी काळ्या शाईने झाकलं आहे. वासुदेवला संकोच वाटतो.

दिनानाथ


ब्रह्माघाट, काशी
१२ डिसेंबर २०२४

कस्तुरी,

तुझं उत्तर पोचलं. सहा वर्षांनंतर तीन वाक्यं. "आकडे मिळाले. प्रत्येक वेळी रक्त कोणत्या तारखेला दिलं ते कळवा. गोळी चुकते का?" यात एकही शब्द जास्तीचा नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणाला असं लिहिता आलं नाही.

तारखा मागच्या पानावर लिहिल्या आहेत. गोळी एकही चुकलेली नाही.

आता एक कबूल करतो. तू जाताना तुझा प्रबंध आईच्या कपाटात ठेवून गेली होतीस. तिने तो निळ्या खणात गुंडाळून देवीच्या पोथीशेजारी ठेवला. ती गेल्यावरही मी त्याला हात लावला नाही. गेल्या आठवड्यात काढला. शब्दकोश घेऊन बसलो, आणि जिथे शब्दकोशही थकला तिथे विद्यापीठातल्या देवव्रतला फोन केला. देवव्रत म्हणजे माझा जुना विद्यार्थी, आता तिथे गणित शिकवतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, हे तुम्हाला नाही कळायचं." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गुरुजी, हे तर मलाही नव्हतं माहीत."

तुझी समीकरणं मला सोडवता येत नाहीत. पण युक्तिवाद कळतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे युक्तिवाद उकलण्याचीच भाकरी खाल्ली आहे. तू म्हणतेस, गोळी सुरू केल्यावर रोगाची रेषा आधी झपकन उतरते आणि मग रेंगाळते. सगळे ही रेषा बघत होते. तू विचारलंस, रेंगाळते का? आणि तुझं उत्तर असं की रोगट पेशी दोन अवस्थांत राहतात. काही जाग्या, काही निजलेल्या. गोळी जागीला गाठते. निजलेली हाडांच्या मज्जेत पडून राहते, आणि जागी होईल तेव्हाच गोळीच्या तावडीत येते. म्हणून दुसरा उतार हा औषधाच्या जोराचा नाही. तो त्यांच्या जाग येण्याचा वेग आहे.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून घाटावर गेलो. भाद्रपदातला पूर ओसरतो तेव्हा वरच्या पायऱ्या दोन दिवसांत मोकळ्या होतात आणि खालच्या पायऱ्यांवरचा गाळ दिवाळीपर्यंत निघत नाही. साठ वर्षं बघतो आहे. पाण्याला हे कारण आणि गाळाला ते, असा विचार कधी मनात आला नाही. तुझ्या आलेखात तर प्रत्येक खालची पायरी वरच्या पायरीचा दहावा हिस्सा. अशा पायऱ्यांवरून तू शांतपणे उतरत जातेस आणि तळाशी निजलेल्यांची मोजदाद करतेस, ज्यांना कोणी पाहिलेलं नाही.

एखाद्या शास्त्रकाराने असं मांडलं असतं तर मी त्यावर महिनाभर प्रवचन केलं असतं.

पण मी काय केलं ते तुला माहीत आहे. दुर्गाघाटाच्या सभागृहात, तू तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलेली असताना, मी म्हणालो, "आता मरणाचीही आकडेमोड करणारे आमच्याच घरात निघाले. यमराज दारात आले तर त्यांना सांगावं लागेल, बसा जरा, मुलीचं गणित व्हायचंय." लोक हसले. हशा मला नेहमी मिळायचा, तसा मिळाला. माणूस ही सरासरी नव्हे, असं मी त्या दिवशी पाऊण तास गर्जून सांगितलं. ते आजही मानतो. पण तुझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात तेच वाक्य आहे, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. प्रत्येक रुग्णाची रेषा वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी गणित वेगळं मांडायचं.

दारातून निघताना तू म्हणालीस, "बाबा, वाचून बोलला असतात तर चाललं असतं."

न वाचता बोलू नये हे चाळीस वर्षं मी दुसऱ्यांना शिकवलं.

दिनानाथ


ब्रह्माघाट, काशी
४ जानेवारी २०२५

कस्तुरी,

तू पुन्हा तेच विचारतेस. "गोळी रोज घेतात, याची खात्री आहे?" आणि खाली, "कशी घेतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहा."

राग आला, लपवत नाही. वासुदेव काय खोटारडा आहे? डॉक्टरांनीही परवा हेच विचारलं. मी बरोबर गेलो होतो. त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "पंडितजी, सच बताइए, कोई खुराक छूटती तो नहीं?" मी म्हणालो, "डॉक्टर साहिबा, हम लोग जिस चीज़ का नियम लेते हैं, उसे छोड़ते नहीं." त्या हसल्या. म्हणाल्या, "तभी तो डर लगता है."

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

तर त्याच्या शब्दांत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे, 'भोजन के बाद, एक बड़ा गिलास पानी'. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून भोजनानंतरच. वासुदेव हे अक्षरशः पाळतो. पानावरून उठतो, आचवतो, गोळी घेतो. जेवला आहे आणि गोळी राहिली आहे, असा दोन वर्षांत एकही दिवस नाही. औषधाची पट्टी मी स्वतः बघतो.

आणखी काय हवं? चिठ्ठीचा अर्थ लावायला मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

इथे प्रयागच्या कुंभासाठी येणाऱ्या लोकांनी गल्ल्या तुंबल्या आहेत. घाटावर उतरायला अर्धा तास लागतो. रक्त द्यायचं ते पंधरा तारखेला. लवकर कळव.

दिनानाथ


ब्रह्माघाट, काशी
२२ जानेवारी २०२५

चि. कस्तुरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने. मग बसून तीनदा.

तू लिहितेस, "रोगाची औषधाला न जुमानणारी जात तयार झाली असती तर रेषा एकदा वर वळली की वर गेलीच असती. ही रेषा दोनदा चढते आणि मध्ये, औषध तेच असताना, आपण होऊन खाली येते. जाती अशा वागत नाहीत. माणसं वागतात. मी कितीतरी पर्याय घालून पाहिले. सगळ्यात चांगली जुळणी तेव्हा होते, जेव्हा मी धरून चालते की काही काळ हा रुग्ण अर्धंच औषध घेतो. म्हणजे गोळी एक दिवसाआड. दोन हजार चोवीस साली साधारण जुलैच्या मध्यापासून सोळा-सतरा आठवडे. त्याच्या आदल्या वर्षी मात्र जूनअखेरीपासून वीस-एकवीस आठवडे. दोन वर्षांत हा महिन्याचा फरक का, ते मला दोन दिवस सुटेना. मग मी कॅलेंडर बाजूला ठेवून पंचांग उघडलं. तेवीस साली अधिक श्रावण होता. चातुर्मास पाच महिन्यांचा होता.

"वर्षातून चातुर्मासभर एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. धरणे-पारणे. आपल्या घरात हे व्रत आई करायची. वासुदेवकाकांनी जन्मात एक उपास धरलेला नाही. ते एकादशीला कचौडी खातात. आईचं व्रत कोणी उचललं, बाबा?"

कस्तुरी, मी काळ्या शाईने नाव झाकलं होतं. वय झाकलं होतं. तू मला आकड्यांतून ओळखलंस.

हो. मीच. निदान दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत झालं. स्टेंटही माझेच. घरात कोणालाच सांगितलं नाही, कारण घरात सांगायला कोणी नाही, आणि तुला सांगायचं तोंड नव्हतं.

व्रताचं सांगतो. तू चार वर्षांची असताना तुला विषमज्वर झाला. ताप एकवीस दिवस उतरला नाही. आईने तेव्हा नवस बोलला, पोर वाचली तर जिवंत असेपर्यंत चातुर्मासात धरणे-पारणे करीन. तिने ते केलं. शेवटच्या वर्षी दुखण्यातही केलं. ती ऐन श्रावणात गेली, तुला माहीतच आहे, तू तीन दिवस आली होतीस आणि आपण दोघं स्वयंपाकघराच्या दोन दारांतून ये-जा करत होतो. चातुर्मास अर्धा उरला होता. तिचं अर्धं राहू नये म्हणून मी पुढचा सांभाळला. मग दुसरं वर्ष आलं. मग सोडवेना. तुझ्यासाठी मी करू शकेन असं तेवढंच उरलं होतं, आणि त्यासाठी तुझ्याशी बोलावंही लागत नव्हतं.

आणि गोळीचं. 'भोजन के बाद' असं लिहिलं होतं. ज्या दिवशी भोजन नाही त्या दिवशी 'भोजनानंतर' येतच नाही, असा मी अर्थ लावला. वर्षभराच्या एकादश्याही त्यातच गेल्या. डॉक्टरांना मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला बजावत होतो, कारण माझ्या हिशेबी एकही गोळी चुकलेली नव्हती. सगळं आयुष्य दुसऱ्यांनी लावलेल्या अर्थांच्या चिंधड्या उडवण्यात गेलं, आणि औषधाच्या चिठ्ठीवरचे तीन शब्द मला नीट लावता आले नाहीत. त्यांचा अर्थ एवढाच होता की रोज जेव.

तुझं पत्र घेऊन वासुदेवकडे गेलो. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो ओसरीवर जिलेबी खात बसला होता. सगळं सांगून झालं तरी घास तोंडातच.

"म्हणजे गुरू, दोन महिने बंगळूरात मी कॅन्सरने आजारी आहे?"

"हो."

"आणि पोरीने ओळखलं कसं? तर मी खादाड आहे म्हणून?"

"हो."

"मग बरोबर आहे तिचं गणित," तो म्हणाला. जिलेबीचा पुडा बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघितलंच नाही. "दोन वर्षं, दिनू. रोज सकाळी घाटावर शेजारी बसतो आपण. रोज. आणि तू बोलत नाहीस. शहरात तुझ्याएवढं बोलणारा दुसरा कोणी नाही, आणि तू हे बोलत नाहीस."

काल डॉक्टर हिमानींकडे तो स्वतः मला घेऊन गेला, आरोपीला नेतात तसा. मी तुझं पत्र हिंदीत करून त्यांना वाचून दाखवलं. चातुर्मास म्हणजे काय, अधिक मास म्हणजे काय, ते त्यांना ठाऊकच होतं. त्यांची आजीही करते म्हणे. त्यांनी तुझा आलेख खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. रोगाने रूप पालटलं का, याची वेगळी तपासणी त्यांनी आधीच पाठवली होती. तिचा निकाल त्याच दिवशी आला होता. तसा बदल काही सापडला नाही. आणि पंधरा तारखेचा आकडा आपण होऊन अर्ध्यावर उतरला आहे, कार्तिकी एकादशीनंतर, एकादश्या वगळता, मी रोज जेवतो म्हणून.

त्या म्हणाल्या, "दवा नहीं बदलेंगे अभी. लेकिन पंडितजी, जुलाई में फिर चातुर्मास है."

मी फाईल उचलून उठलो. तुलाही आज उत्तर देत नाही. औषध मी रोज घेईन, एकादशीलाही, एवढं आषाढापर्यंत वचन देतो. त्यापुढचं मला कळत नाही. ते व्रत मोडलं तर तुझ्या आईने मागितलेलं तुझं आयुष्य मी परत केल्यासारखं होईल, असं मला वाटतं. हे मूर्खपणाचं आहे. तरी वाटतं. यावर एखादं गणित असेल तर पाठव.

तुझा बाबा


ब्रह्माघाट, काशी
७ जुलै २०२५, द्वादशी

चि. कस्तुरीस,

तू गणित पाठवलंस. जानेवारीतच दोन रेषा काढून दिल्यास, एक हिरवी, एक तांबडी. रोज गोळी घेतली तर हिरवी, या वर्षीही चातुर्मास पाळला तर तांबडी. हिरवीवर तू आकडे आधीच लिहून ठेवले होतेस. एप्रिलला पाव टक्क्याच्या आसपास, जूनअखेर पाच ते आठ शतांश. एप्रिलमध्ये आलं दोन दशांश. परवा आलं सहा शतांश. मी अनेक भविष्यं ऐकली आहेत, या गावात त्यांना तोटा नाही. कोणी 'अमुक ते तमुक' असं लिहून, सही करून, 'चुकलं तर माझं मॉडेल चुकीचं' अशी टीप खाली दिलेली मी पाहिली नव्हती. ती टीप मला आकड्यापेक्षा मोठी वाटते. मी एवढं बोललो, पण असं वाक्य कधी उच्चारलं नाही.

व्रताबद्दल तू फक्त एक ओळ लिहिली होतीस. "आईने माझं आयुष्य मागितलं होतं, तुमचं देऊन नव्हे." तिचं उत्तर मला पाच महिने देता आलं नाही. ग्रंथ चाळले. आजारी माणसाच्या वतीने दुसऱ्याने व्रत चालवावं, अशी मुभा आहे. हे मला आधीपासून माहीत होतं. दुसऱ्यांना मी हे कितीदा सांगितलं आहे. आपल्याला प्रतिनिधी लागेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात घाटावर बसलो असताना वासुदेवला सहज म्हणालो की अशी सोय आहे, पण कोणाला सांगणार. तो गंगेकडे बघत म्हणाला, "नाव माझं वापरलंस ना? मग उपास पण माझ्याच नावावर चढव."

"तुला जमणार नाही, वासू."

"तीस वर्षं रेल्वेत काढलीत. गाडी नऊ तास लेट असली तरी फलाट सोडून पळालो नाही. आणि वहिनीच्या हातचं मी फार खाल्लंय. थोडं परत करू दे."

काल आषाढी एकादशी. दुर्गाघाटाच्या त्याच सभागृहात माझं प्रवचन होतं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी निम्मे आता हयात नाहीत. उरलेल्यांना मी सांगितलं की सात वर्षांपूर्वी याच जागेवरून मी एका अभ्यासाची टिंगल केली, तेव्हा तो वाचलेला नव्हता. आता वाचला आहे. आणि त्यात काय आहे ते सांगितलं. जागी पेशी, निजलेली पेशी, दहा-दहा पटीने उतरणाऱ्या पायऱ्या, आणि दोन चढांमधला तो महिन्याचा फरक, ज्यावरून एका मुलीने दीड हजार किलोमीटरवरून आपला बाप ओळखला. कोणी हसलं नाही. मागे बसलेली बकुळ, शाळेत तुझ्या वर्गात होती ती, उठून म्हणाली, "काका, आमच्या सासूबाई पण शुगरची गोळी उपासाला घेत नाहीत." मग आणखी एकजण बोलला. मग आणखी एकजण. प्रवचन तिथेच संपलं. उरलेला तासभर लोक एकमेकांच्या गोळ्यांबद्दल बोलत होते, आणि मी ऐकत होतो.

घरी येऊन पान मांडलं. एकादशीला भरलेल्या पानासमोर बसायला मन धजत नव्हतं. खिचडी, दही, वऱ्याचे तांदूळ. वासुदेव समोर बसला होता, निराहार, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मला पहिला घास घेता येईना तेव्हा म्हणाला, "खा रे लवकर. बघवत नाही मला."

खाल्लं. मोठा पेलाभर पाणी, आणि गोळी.

संध्याकाळी पाचला तो पुन्हा दारात उभा. "गुरू, पारणं नक्की कधी? सूर्योदयाला की त्याच्या थोडं आधी?" मी पंचांगात बघून वेळ सांगितली. तो बोटांवर तास मोजत गेला. आज उजाडताच कचौडीच्या दुकानासमोर पहिला तोच होता. उद्या पुन्हा धरणं आहे. कार्तिकीपर्यंत तो निभावेल की नाही, याचं मॉडेल तू मांडू नकोस. त्याला कळलं तर तो मुद्दाम निभावून दाखवेल.

सोबत औषधाची रिकामी पट्टी पाठवतो आहे. दहा गोळ्यांची आहे. शेवटून दुसरा खळगा एकादशीचा, त्याभोवती मी पेनाने गोल काढला आहे. शेवटचा आजचा. पट्टी नीट ठेव, आणि जमलं तर आईने तुझा प्रबंध ज्या निळ्या खणात ठेवला होता तो घेऊन जायला ये. मी तो धुऊन, घडी करून ठेवला आहे.

प्रबंध मात्र मिळणार नाही. त्याच्या सातव्या प्रकरणावर अजून माझे प्रश्न आहेत.

तुझा,
बाबा